वणव्यातली होळी

वणवा कसा दिसतो हो, असं मला अजून लोक विचारतात. बाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात. मी उलट विचारते, कुठनं बघायचाय तुम्हाला? मलकापुरातनं संध्याकाळी बघितला तर डोंगराच्या गळ्यात कुणी झेंडूची माळ घातल्यासारखा दिसतो. पोरं गच्चीवर चढून फोटो काढतात. अर्ध्या डोंगरातनं बघितला तर नुसता धूर. आणि अगदी जवळ गेलात तर वणवा दिसतच नाही, ऐकू येतो. हे सांगितलं की माणूस पंगतीतला वाढपीही विसरतो आणि पुढं काय म्हणून विचारतो. मग मीही जरा ऐटीत येते. खोटं कशाला बोला.

मी वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी शाहूवाडीच्या वरच्या अंगाला, राष्ट्रीय उद्यानात गेली. पण लोकांनी पहिल्या वर्षी मला ‘गार्डबाई’ केलं ते शेवटपर्यंत. बढतीचा कागद आला, लोकांच्या तोंडापर्यंत काही पोचला नाही. सुरुवातीला तर पर्यटक मलाच विचारायचे, बाई, साहेब कुठं आहेत? मी म्हणायचे, साहेब मीच, बोला.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे वाघ मोजणं वाटतं. वाघ राहिला बाजूला, माघ ते वैशाख आमचं सगळं लक्ष गवतावर. डोंगराच्या माथ्यावर मैलोगणती सपाट खडक आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. पावसाळ्यात त्यावर फुलं येतात, ती बघायला गर्दी होते. दिवाळीनंतर तेच गवत वाळायला लागतं आणि शिमग्यापर्यंत असं होतं की नुसतं हात लावला तरी मोडतं. मग एक बिडी पुरते. आपल्याकडं वीज पडून जंगल पेटलेलं मी उभ्या नोकरीत बघितलं नाही. पेटतं ते माणसाच्या हातनं. कुणी मधाच्या पोळ्याखाली धूर करतं, कुणी बांध जाळता जाळता घरी जेवायला जातं, कुणाला वाटतं गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं. एकानं तर मला सांगितलं होतं की डोंगर पेटवायचा नवस बोललो होतो, मुलगा झाला. मुलाचं नाव काय ठेवलं विचारलं तर सागर म्हणाला. ह्याला काय म्हणावं सांगा.

वणव्याला पाण्यानं विझवत नाहीत. सड्यावर पाणी कुठलं आणायचं? जांभळाच्या नाहीतर अंजनीच्या ओल्या डहाळ्या तोडायच्या आणि आगीच्या कडेकडेनं झोडपत जायचं. अलीकडं पाला उडवायची यंत्रं आली, तीही चांगली, पण डहाळीत पेट्रोल घालावं लागत नाही. आणि थंडीत, गवतात अजून ओल असते तेव्हा, आम्हीच ठरावीक पट्टे जाळून मोकळे करून ठेवतो. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर आली की तिला पुढं खायला काही नसतं. खायला नाही मिळालं की आग मरते. आमचं शास्त्र एवढंच, बाकी सगळं दमसास.

पर्यटकांचं मात्र मला कोडं पडायचं. वणवा लागला की उद्यान बंद करावं लागतं, मग फोनवर फोन. एकानं कोल्हापुरातनं फोन करून विचारलं, वणवा अजून चालू आहे का, म्हणजे आम्ही येईपर्यंत राहील का? एक बाई जळलेल्या सड्यावर उभ्या राहून म्हणाल्या, हे परत हिरवं झालं की कळवा, तेव्हा येतो. काही जण गाडीतनं उतरायचे नाहीत, नाकाला रुमाल लावून बसायचे, जसं काही आत कुणी वारलंय. लहान मुलं मात्र राख हातात घ्यायची. आणि गंमत अशी की वणव्यानंतर गवे चांगले दिसतात. ते राख चाटायला उघड्यावर येतात, पंधरवड्यानं कोवळे कोंब फुटले की कळपच्या कळप येतात. त्यामुळं ज्याला गवा दिसला तो खूश होऊन जायचा आणि म्हणायचा, बरं झालं जळलं ते. मी मात्र दात खायचे.

तर ते असो. सांगायचंय ते धोंडीआबांचं.

होळीचा दिवस होता. फाल्गुन म्हणजे आमचा सगळ्यात वाईट महिना, त्यात होळी, त्यामुळं निम्मी माणसं सड्यावर पहाऱ्याला होती आणि गेटवर मी होते. आमच्या गेटवर नियम असा की काडेपेटी, लायटर, बिडी, सिगारेट सगळं तिथल्या ताटात ठेवायचं आणि परत जाताना आपापलं घेऊन जायचं. नियम मीच लावून घेतला होता आणि त्याबाबत मी फार खडूस होते. आमदाराचा मेहुणा म्हणवणाऱ्याचाही खिसा मी तपासलाय.

दुपारी एकच जीप सुटायची होती. त्यात इचलकरंजीचे एक शेठ आणि त्यांची बायको. शेठचा यंत्रमागाचा धंदा, पांढरेशुभ्र बूट घालून आलेले, सारखे प्रश्न विचारणारे. मला असली माणसं आवडतात. आणि दुसरे धोंडीआबा नावाचे म्हातारे, त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा प्रकाश. आबांनी गुलाबी फेटा बांधला होता. जंगल बघायला फेटा बांधून कोण येतं? म्हणून मी विचारलंच, आबा, कुठलं गाव? त्यांनी जयसिंगपूरजवळच्या वसाहतीचं नाव सांगितलं आणि मग म्हणाले, तसं गाव हितलंच, आत.

तेव्हा मला उलगडा झाला. उद्यान झालं तेव्हा आतली गावं उठवली आणि माणसं खाली सपाटीला नेऊन बसवली. आबा त्यातले. स्वतःच्या गावाला जायला ह्या माणसानं तिकीट काढलं होतं.

त्यांच्या पिशवीत पोळ्यांचा डबा होता आणि त्याखाली दोन शेणी. शेणी म्हणजे गोवऱ्या, आमच्याकडं शेणीच म्हणतात. हे कशाला, विचारलं तर म्हणाले, मलकापुरात लेकीला द्यायच्यात. जंगलात शेणी न्यायच्या नाहीत असा काही नियम नव्हता. काडेपेटी हाय का, विचारलं. न्हाय म्हणाले. प्रकाशनं खिसे उलटे करून दाखवले. आबांच्या बंडीचा खिसा मी स्वतः बघितला. पण शेणींचं काही मला पटेना. वाटाड्या पोरगा त्या दिवशी आला नव्हता, म्हणून मग मीच जीपमध्ये बसले. गाडीवर आमचा संभा होता, तो एरवी बोलत नाही, पण गाडी छान चालवतो.

आबांचं गाव म्हणजे आता जोती, एक पाण्याची दगडी डोण आणि फणसाची झाडं. बाकी पुरुषभर उंच गवत. संभानं गाडी थांबवली आणि आबा उतरले ते सरळ गवतात घुसून घरं दाखवायला लागले, हे पाटलाचं, हे आमच्या चुलत्याचं. शेठ त्यांच्यामागं. पाणी कुठनं आणायचात, शाळा कुठं होती, लग्नाचं वऱ्हाड कसं यायचं, एकेक विचारत होते आणि आबा सांगत होते. एका सपाट जागी एक दगड उभा होता तिथं आबा थांबले. म्हणाले, ही होळीची जागा. होळी पेटवायचा मान त्यांच्या घराण्याचा. गाव उठलं त्या सालापासून कुणी पेटवली नाही. वसाहतीत चार गावची माणसं एकत्र, तिथं कुणाचा मान आणि कुणाची होळी, सगळीच आपापल्या दारात दोन शेणी जाळतात. मग मला त्या पिशवीतल्या शेणींचा अर्थ लागला आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात वायरलेस बोलायला लागला.

कोकणच्या बाजूनं वणवा चढला होता. दुपारी त्या अंगानं वारं सुटतं आणि डोंगर चढून वर येतं, आग त्याच्याबरोबर येते. मी पश्चिमेला बघितलं तर झाडांच्या मागं पिवळट धूर. सगळ्यांना गाडीत घातलं, संभानं गाडी वळवली. वळणापर्यंत गेलो तर पुढं रस्त्यावर ज्वाळा. आगीचा एक फाटा दरीतनं धावत आमच्या आधीच वर आला होता आणि रस्ता ओलांडत होता. संभानं गाडी मागं घेतली आणि आम्ही परत गावात.

आता आवाज यायला लागला. मी सांगितलं ना, वणवा ऐकू येतो. शेठ म्हणाले, माझ्या शेडमधले सगळे माग एकदम चालू केल्यासारखं वाटतंय. बरोबर तसाच. त्यांच्या बायकोनं माझा हात धरला तो सोडेनात.

शेठ फणसाच्या झाडांकडं धावायला लागले. सगळे तसंच करतात. आग दिसली की माणूस हिरव्याकडं धावतो, हिरवं म्हणजे गार असं त्याला वाटतं. पण झाडाखाली ढोपरभर वाळका पाला असतो, तोच आधी पेटतो. आगीत हिरव्यात जायचं नसतं, काळ्यात जायचं असतं. जे एकदा जळलंय ते परत जळत नाही. पण आमच्याजवळ काळं होतंच कुठं? सगळीकडं उभं गवत. पूर्वेला ओढा होता, त्यात नुसता खडक, पण मध्ये करवंदीची जाळी, आबांचे गुडघे गेलेले आणि आग माणसापेक्षा जोरात पळते. मला एकच मार्ग दिसत होता. आपणच आपल्या पायाशी गवत पेटवायचं, वारं ती आग पुढं ओढ्याकडं नेईल, मागं काळं पडेल, त्यात जाऊन उभं राहायचं. मोठी आग येईल तेव्हा तिला तिथं खायला काही नसेल.

आणि पेटवायला काही नाही! सगळ्यांच्या काड्या गेटवरच्या ताटात, माझ्या कृपेनं. माझ्याजवळही नव्हती. मी बिडी ओढत नाही आणि पहाऱ्यावरच्या माणसांजवळ असते ती पेटी पार त्या टोकाला. तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. पाच माणसांचा जीव माझ्या हातात होता आणि हात रिकामे होते. तसली भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

मी हात जोडले. म्हटलं, “कुणी काडेपेटी चोरून आणली असंल तर आत्ता सांगा. मी काय म्हणणार न्हाय. पाया पडते.”

शेठनं मान हलवली. संभानं हलवली. प्रकाश बापाकडं बघायला लागला. आबांनी सावकाश फेटा सोडला, त्याच्या आतल्या घडीतनं काडेपेटी काढली आणि कापराची पुडी काढली.

कुठं लावू, त्यांनी विचारलं. वाऱ्याकडं पाठ करून इथंच लावा, मी म्हटलं. तर हा माणूस काय करतो, त्या दगडापाशी जातो, पिशवीतनं शेणी काढून एकीला एक टेकवून उभ्या करतो, मध्ये कापूर ठेवतो. मी ओरडत होते, आबा, आटपा, मेलो आपण. ते काही ऐकेनात. पहिली काडी विझली. दुसरी लागली. कापूर पेटला, शेणी पेटल्या, आणि वाऱ्यानं जाळ उचलला तसं गवत भक्कन पेटलं. तेव्हा आबांनी तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकली. शिमग्याची बोंब, पोटातनं आलेली. प्रकाशनं ठोकली. आणि खरं सांगते, इचलकरंजीच्या शेठनंही ठोकली, बायकोनंही, आणि सरकारी गणवेशात मीही. भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, ते मला अजून कळलेलं नाही.

आग पुढं पळाली. मी आणि संभानं डहाळ्या घेऊन मागची कड झोडपली आणि काळं जरा निवल्यासारखं झालं तसं सगळ्यांना आत घातलं, संभानं गाडीही आत आणली. बाटल्यांतलं पाणी रुमालांवर ओतलं, ते नाकाला लावायला सांगितलं आणि खाली बसवलं. जमीन तव्यासारखी तापलेली. शेठच्या पांढऱ्या बुटांचे तळ वितळून राखेला चिकटायला लागले. आबांच्या पायात कापशीच्या करकरीत वहाणा, कातडी, त्यांना काही झालं नाही. तेवढ्यातही मला त्याचा अभिमान वाटला.

मग मोठी आग आली. आवाज एवढा की बाजूचा माणूस काय बोलतो कळेना. आमच्या काळ्याच्या कडेपर्यंत आली, तिथं तिला काही मिळेना, मग दोन्ही अंगांनी वळून निघून गेली. धुरातनं एक भेकर पळत आलं आणि आमच्यापासून गाडीभर अंतरावर उभं राहिलं. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि मान वळवली. एरवी माणसाच्या वासानं उधळणारं जनावर, त्या दिवशी आमच्यातलंच एक होऊन उभं होतं. शेठच्या बायको त्याच्याकडंच बघत रडत होत्या.

सगळं शांत झाल्यावर आबांनी डबा उघडला. एक पोळी त्या दगडापाशी निखाऱ्यात ठेवली, चिमूटभर राख घेतली आणि आमच्या सगळ्यांच्या कपाळाला लावली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, “बाई, एक इचारू? ही होळी धरायची का न्हाय? तू जीव वाचवाय लाव म्हणालीस. देवासाठनं न्हवती ती.”

मी दमले होते. जिवंत होते. मला त्या वेळी जगात कुणालाच नाही म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, “धरा की, आबा.”

वरच्या साहेबांनी नंतर विचारलं, काडेपेटी कुणाची? मी माझी म्हटलं आणि दोन शब्द ऐकून घेतले. शेठ तेव्हापासून दर उन्हाळ्यात येतात. तीच जागा बघायची म्हणतात, गवा नको, काही नको. एकदा मी विचारलं, काय बघता इथं? म्हणाले, कळत नाही बाई, पण शेडमध्ये माग चालू झाले की ही जागा आठवते, मग येऊन बघून जातो. वणव्यातनं वाचलेली माणसं अशी परत येतात, हे मी आणखीही दोघाचौघांत बघितलं. का येतात ते त्यांनाही सांगता येत नाही.

पुढच्या साली होळीच्या दिवशी गेटवर एक ट्रक आला. वसाहतीतली माणसं, म्हातारी, बायका, कडेवरची पोरं. एकाच्या गळ्यात हलगी. पोत्यांत शेणी, ह्या वेळी उघड्यावर. पुढं धोंडीआबा, तोच गुलाबी फेटा. आज काय चोरून नाही म्हणून त्यांनी स्वतः काडेपेटी माझ्या हातात दिली. गावभर त्यांनी सांगितलं होतं की आपली होळी चालू झाली, गार्डबाईनं मानली. माझा एक शब्द, दमून तोंडातनं गेलेला, त्याच्यावर अख्खा ट्रक भरून माणसं आली होती.

गवत कडक वाळलं होतं. वारा होता. आत आग लावायला परवानगी देणं माझ्या हातात नव्हतं आणि असतं तरी त्या दिवशी मी दिली नसती. आबांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं, कायदा सांगितला, वारा दाखवला. शेवटी म्हटलं, गेल्या साली गोष्ट वेगळी होती, आबा, जिवावर बेतलं होतं.

“मग यंदा आमचा जीव न्हाय व्हय?” आबा म्हणाले.

चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कमी नाही. पण ते चिडले नव्हते, खरंच विचारत होते. हलगीवाला हात थांबवून माझ्या तोंडाकडं बघत होता. बायका बघत होत्या. मी अडसर उघडला नाही.

आबाच मग मागं वळले आणि सगळ्यांना म्हणाले, चला, बाईला नोकरी हाय. त्यांनी गेटबाहेरच्या झाडाखाली डबे सोडले, जेवले, मलाही एक पोळी आणून दिली. मी ती उभ्यानं खाल्ली. बायकांनी शेणींची पोती परत ट्रकात चढवली. मी काडेपेटी द्यायला गेले तर आबा म्हणाले, ठेव तुझ्यापाशी, काय करायची आता.

ट्रक वळला. आबा मागच्या फळीला धरून उभे होते, त्यांनी मान वर करून सड्याकडं बघितलं आणि मला हाक मारली. “वारं फिरलंय बघ, बाई. वर माणसं पाठीव.”

मी माणसं पाठवली. मग चौकीच्या मागं गेले आणि पदर नव्हता म्हणून बाहीत तोंड खुपसून रडले.